वेबसाइट काळ्या यादीतून कशी सोडवावी?

बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि उतरविलेले फळ तीन-चार दिवसांत मऊ पडते, म्हणून गिऱ्हाईक आधीच गाठून ठेवावे लागते. त्यासाठी आता अनेक गट वेबसाइट काढू लागले आहेत. धारूर तालुक्यातील अशाच एका गटाची वेबसाइट गावात सर्वांच्या मोबाईलवर उघडत असे. मात्र पुण्यातील ज्या मोठ्या कार्यालयास फळे पुरवावयाची होती, तेथील संगणकावर ‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी येई. गटाने वेबसाइट बनविणाऱ्या मुलास धारेवर धरले. दोष त्याचा नव्हता.

निदान

कार्यालये, बँका व शाळा आपल्या इंटरनेटवर फिल्टर बसवितात. फोर्टिनेट, पॅलो आल्टो, सिस्को, ब्रॉडकॉम अशा कंपन्या ते पुरवितात. प्रत्येक कंपनी वेबसाइटचे वर्ग पाडून स्वतःची यादी ठेवते, म्हणून एका यादीतून सुटका झाली तरी दुसऱ्या यादीतून होतेच असे नाही. तेव्हा प्रथम गिऱ्हाइकाकडून त्या पाटीचा फोटो मागवावा. त्यावर बहुधा फिल्टरचे नाव व वर्ग लिहिलेला असतो. हे न पाहता अर्ज करीत सुटणे म्हणजे कीड न ओळखता फवारणी करणे होय. व्हायरसटोटल या मोफत सेवेत पत्ता टाकल्यास अनेक कंपन्यांचे मत एकत्र दिसते. मात्र नाव काढण्याचे काम ती सेवा करीत नाही.

कारणे

वेबसाइटमध्ये कोणी चोरून घातक मजकूर घुसविलेला असणे, हे सर्वांत गंभीर कारण. स्वस्त होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतात. त्यांतील एखादी वाईट निघाल्यास इतरांनाही झळ बसू शकते. तिसरे कारण म्हणजे नवेपणा. नव्या पत्त्यांचा उपयोग फसवणुकीसाठी फार होतो, म्हणून पॅलो आल्टो ही कंपनी नोंदणीपासून ३२ दिवसांपर्यंतचा पत्ता ‘नवीन नोंदणी’ या वर्गात ठेवते व अनेक कार्यालये हा वर्ग सरसकट बंद करतात. धारूरच्या गटाचे असेच झाले. सप्टेंबरमध्ये पत्ता नोंदविण्याचा सल्ला मीच दिला होता, तेव्हा चूक माझी. सीताफळासाठी वेबसाइट काढावयाची असल्यास पत्ता जूनमध्येच नोंदवावा.

उपाय

घातक मजकूर असल्यास आधी सफाई करावी. पासवर्ड बदलावेत, जुने प्लगइन अद्ययावत करावेत. गूगलने धोक्याचा इशारा लावला असल्यास सर्च कन्सोलमधून फेरतपासणी मागावी; तीस काही दिवस लागतात. सफाई न करता घाई करू नये. वारंवार दोषी आढळलेल्या वेबसाइटला गूगल ३० दिवस फेरतपासणी मागू देत नाही, आणि सीताफळाच्या हंगामात ३० दिवस म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

वर्ग चुकला असल्यास त्या फिल्टर कंपनीच्या वेबसाइटवर वर्ग बदलण्याचा अर्ज असतो. तो इंग्रजीत, तीन-चार ओळींत भरावा: आम्ही कोण, काय विकतो, सध्या कोणता वर्ग लागला आहे व कोणता हवा. रागाचा मजकूर लिहू नये, तो वाचणाऱ्यास आपला गट ठाऊक नसतो. यास शुल्क नसते. ईमेलच्या काळ्या याद्या ठेवणारी स्पॅमहाउस संस्थाही नाव काढण्याचे पैसे घेत नाही. ‘इतके हजार द्या, सगळ्या याद्यांतून काढतो’ असे सांगणारा भेटल्यास त्यास चहा पाजून वाटेला लावावे.

सरकारी आदेशाने झालेली बंदी निराळी. तेथे हे अर्ज चालत नाहीत. जुलै २००६ मध्ये मुंबईतील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर मोजकी पाने बंद करण्याचा आदेश निघाला, पण इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट ही सेवाच बंद केली व हजारो निरपराध लेखक अडकले. अशा वेळी इंटरनेट कंपनीकडे व केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे लेखी दाद मागावी लागते.

सर्वांत जवळची वाट बहुधा गिऱ्हाइकाच्याच दारात असते. त्यांच्या संगणक विभागास आपला पत्ता परवानगीच्या यादीत घालता येतो. धारूरच्या गटाने अखेर खरेदी अधिकाऱ्यास फोन करून तसे करवून घेतले. दोन दिवस लागले. तोवर पहिली तोडणी आडतीवर गेली होती. दुसरी पुण्यास पोहोचली.