मुलगा इंजिनिअर झाला, आता आणखी दोन वर्षे कशाला?

भिवंडी-मालेगावच्या कारखानदारांची मुले आता बी.ई. होऊ लागली आहेत. निकाल लागला की वडील म्हणतात, "बस झाले, कारखान्यावर ये." मुलाने औद्योगिक अभियांत्रिकीच्या एम.टेक.ची गोष्ट काढली तर विचारतात, नवे मशीन बनवणार आहेस का? भाईसाहेब, ही मशीन बनवण्याची तालीम नाही. माणूस, यंत्र, माल आणि वेळ यांचा मेळ घालण्याची आहे.

आपल्याच धंद्यातला हिसाब पाहा. माग मिनिटाला १२० पीक मारतो आणि कापडात इंचाला ४० पीक आहेत. न थांबता चालला तर बारा तासांत सुमारे ५५ मीटर कापड निघावे. तेवढे निघत नाही. धागा तुटतो, कांडी संपते. समजा, सरासरी नऊ मिनिटे चालल्यावर माग एक मिनिट हात मागतो. एका मजुराकडे चार माग असतील तर प्रत्येक माग सुमारे ८७ टक्के वेळ चालेल. आठ दिले तर ८० टक्के. कारण एक माग जोडताना दुसरा बंद पडून वाट पाहतो. असे वाट पाहण्यात जाणारा एकूण वेळ आठ मागांवर दुप्पट नव्हे, सहापटीहून जास्त होतो! मालक मात्र त्याला मजुराची कामचोरी समजतो. आठ माग देऊनही परवडेल. वाचलेली मजुरी आणि बुडालेले मीटर समोरासमोर मांडले म्हणजे कळेल. हे रांगेचे गणित एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोनसाठी मांडले, तेच मागाला लागू पडते.

अभ्यासात संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणक भरपूर. ज्याला गणित नकोसे वाटते, त्याला जबरदस्तीने पाठवू नये.

पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स रिसर्चचा एम.टेक. आहे, त्यासाठी 'गेट' परीक्षा. जवळच १९६३ साली निघालेली 'नीटी' होती. ती २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली, तिथे एम.बी.ए.साठी 'कॅट' द्यावी लागते. 'गेट'ला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येते आणि तिचा स्कोअर तीन वर्षे चालतो. तेव्हा निकालानंतर वर्षभर कारखाना सांभाळून मग अर्ज केला तरी चालते.