बारीक धागा, मोठी मरळ

कोल्हापूरच्या आसपास एखाद्या तळ्याच्या काठी किंवा पंचगंगेच्या संथ डोहाशी गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. कोणाजवळ साधी बांबूची काठी असते, तर कोणाजवळ बोटाएवढी बारीक, लवचिक काठी आणि धागा गुंडाळायचे रीळ. धागा म्हणजे 'तंगूस', नायलॉनचा एकपदरी दोरा. तो इतका बारीक असतो, की दोन किलो वजनाच्या ताणानेही तुटावा. अशा धाग्याने किलोभराची झुंजार मरळ काठाला येते. धागा तुटत कसा नाही?

प्रथम मरळीची ओळख करून घेऊ. ही शिकारी मासळी आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला ती दबा धरून बसते आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला, की झडप घालते. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना 'पार्श्वरेखा' असते. या रेखेतील संवेदनशील पेशींना पाण्याची बारीक हालचाल जाणवते. म्हणूनच गढूळ पाण्यातही तिला भक्ष्याचा सुगावा लागतो.

आता खोट्या आमिषाची युक्ती पाहा. मऊ रबराचा पोकळ बेडूक पाण्यावरून हलके हलके ओढला, की पाण्यात कंपने उठतात. त्याच्या गळाची टोके पाठीला चिकटून असल्यामुळे ती जलपर्णीत अडकत नाहीत. मरळीने बेडूक जबड्यात दाबला, की पोकळ अंग चेपते, टोके उघडी पडतात आणि गळ लागतो.

आता धाग्याकडे वळू. समजा, 1 किलोग्रॅमची मरळ सेकंदाला 2 मीटर वेगाने पळाली. तिची गतिज ऊर्जा किती?

½ × 1 × 2 × 2 = 2 ज्यूल.

तिला थांबवायचे म्हणजे ही ऊर्जा कोठेतरी खर्च व्हायला हवी. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही शिकला आहात. काठी ताठ असेल आणि मरळ केवळ 2 सेंटिमीटरांत थांबली, तर सरासरी बल 2 ÷ 0.02 = 100 न्यूटन होईल. हा ताण सुमारे 10 किलो वजनाएवढा! धागा तटकन तुटणार. पण काठी वाकली, धागा थोडा ताणला आणि मरळ 40 सेंटिमीटरांत थांबली, तर बल 2 ÷ 0.4 = 5 न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोएवढे. मरळ शेपटीने जोर करतच असते, त्यामुळे खरा ताण याहून अधिक असतो. त्यासाठी रिळाला घर्षणाची चकती असते. ठरावीक ताण आला, की रीळ घसरून धागा सोडते.

पाण्याचीही मदत असते. उत्प्लावक बलामुळे मासा पाण्यात जवळजवळ वजनरहित असतो. बाहेर उचलताच त्याचे पूर्ण वजन धाग्यावर येते, वर तो तडफडतो. म्हणून जाणकार मासा धाग्याने उचलत नाहीत. त्याखाली जाळीची झोळी धरतात.

करून पाहा : शिवणाच्या दोऱ्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाला पावशेराचा दगड बांधा. दुसऱ्याला तेवढाच दगड बांधा, पण मध्ये सायकलच्या ट्यूबची अरुंद, लांब पट्टी घाला. खाली वाळूने भरलेली पाटी ठेवा आणि पाय दूर ठेवा. वरची टोके खिळ्याला बांधून दोन्ही दगड सारख्याच उंचीवरून सोडा. कोणता दोरा तुटतो? उंची हळूहळू वाढवून नोंद करा.

मरळीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कल्ल्यांखेरीज तिला हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय असते, म्हणून ती मधून मधून पृष्ठभागावर येते. कमी प्राणवायूच्या पाण्यातही ती तग धरते. म्हणून 'मरळ आहे म्हणजे पाणी स्वच्छ आहे' असे समजू नये. कल्ल्यांवरच अवलंबून असणारे मासे मात्र अशा पाण्यात गुदमरतात. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जीवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत.

पावसाळ्यात तुम्हाला पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसेल. त्यांच्याखाली आईबाप पहारा करीत असतात. अशा वेळी आमिष पुढे आले, तर मरळ भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी त्यावर तुटून पडते. तिला पकडणे सोपे असते. पण पहारेकरी गेला, की पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. एका माशासाठी सारा थवा जातो. थवा दिसला, की गळ आवरावा.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. तो कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांना फास बसतो. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, म्हणून परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

विचार करा : 2 किलोग्रॅमची मरळ त्याच वेगाने पळाली आणि धाग्यावर सरासरी 5 न्यूटनच ताण येऊ द्यायचा असेल, तर तिला किती अंतरात थांबवावे लागेल?