पितळी मुठीची संगीन कुणाची?

प्रश्न : निपाणीच्या एका वाचकाला माळ्यावर पितळी मुठीची, किंचित नागमोडी पात्याची लांब संगीन सापडली. ती बेळगावच्या मराठा पलटणीतली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. हे वर्णन १८६६ च्या फ्रेंच शासपो रायफलच्या तलवार-संगिनीशी जुळते. तिचे पाते सुमारे ५७ सेंटिमीटर. पात्याच्या पाठीवर कारखाना, महिना आणि वर्ष वळणदार फ्रेंच अक्षरांत कोरलेले असते; ते भिंगातून वाचावे. ब्रिटिशांच्याही अशा वळणाच्या संगिनी होत्या, पण १८५६ च्या एन्फील्ड नमुन्याची मूठ चामड्याची आणि १८८८ च्या नमुन्याचे पाते सरळ, जेमतेम १२ इंची.

मूठ आणि म्यान यांवरचे क्रमांक जुळले, तर संग्राहक खूश!

पॉलिश मात्र अजिबात नको, खुणा झिजतात. शंभर वर्षांपुढची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी विकता येत नाही.