बळेच झालेला राजदूत

‘पत्रकारितेत काही स्कोप आहे का हो?’ मुलाला घेऊन आलेले पालक हे विचारतात तेव्हा त्यांना त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचं वेळापत्रक आजच हवं असतं. अशांना मी याकूप काद्री काराओस्मानोलू या तुर्की लेखकाबद्दल सांगतो.

जन्म 1889चा, कैरोतला. बालपण मनिसा आणि इझमीरमध्ये, मग अलेक्झांड्रियाच्या शाळेत फ्रेंच पक्कं झालं. पुढे इस्तंबूलला कायद्याच्या वर्गात नाव घातलं, पण पदवी घेतली नाही. आपल्याकडे एवढ्यावर घरात सुतक पाळलं असतं. याकूप काद्रींचं लिहिणं मात्र सुटलं नाही. परकीय फौजा इस्तंबूलमध्ये असताना ‘इकदाम’ दैनिकातून त्यांनी अंकाराच्या स्वातंत्र्यलढ्याची बाजू मांडली. 1921मध्ये अंकाराहून बोलावणं आलं आणि 1923मध्ये ते मार्दिनचे खासदार झाले.

खरी गंमत पुढेच आहे. 1932मध्ये त्यांनी काही मित्रांबरोबर ‘काद्रो’ हे मासिक काढलं. अर्थव्यवस्थेची सूत्रं सरकारने हाती घ्यावीत, असा त्याचा सूर होता. तो सत्तेतल्या काहींना खुपला. मासिकाचा परवाना याकूप काद्रींच्या नावावर होता. 1934मध्ये त्यांची नेमणूक अल्बेनियात, तिरानाच्या वकिलातीत झाली आणि मासिक बंद पडलं. कागदोपत्री बढती, प्रत्यक्षात हद्दपारी!

तिथून प्राग. 15 मार्च 1939ला हिटलरची फौज प्रागमध्ये शिरली आणि ज्या देशात ते वकिलात सांभाळत होते, तो देशच नकाशावरून पुसला गेला. मग हेग, मे 1940मध्ये जर्मन तिथेही पोहोचले. पुढे बर्न, तेहरान, पुन्हा बर्न. 1955मध्ये या वीस वर्षांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या, त्यांना त्यांनी नावच दिलं ‘बळेच झालेला राजदूत’. 1961मध्ये ते पुन्हा संसदेत होते.

यातलं काहीच ठरवून झालेलं नव्हतं. फ्रेंच आणि लेखणी एवढं भांडवल मात्र प्रत्येक वळणावर कामी आलं. माणसांना भेटायचं, खरं-खोटं पारखायचं आणि संध्याकाळपर्यंत नेमकं लिहून पाठवायचं, हे बातमीदाराला जमावं लागतं तसंच वकिलातीतल्या अधिकाऱ्यालाही. आपल्याकडे कुलदीप नय्यर पत्रकारितेतूनच 1990मध्ये लंडनला उच्चायुक्त झाले, नंतर राज्यसभेतही गेले.

पण अर्धवट पदवीचा कित्ता मुलांनी गिरवू नये. ते दिवस वेगळे होते आणि नय्यर यांच्यासारखी नेमणूकही विरळाच. आज परराष्ट्र सेवेचा राजरस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो आणि तिला पदवी लागतेच. कुठल्याही शाखेची चालते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. निबंधाच्या एका पेपरला 250 गुण आहेत, आणि क्लासच्या नोट्स पाठ करून निबंध लिहिता येत नाही. पुण्याजवळ असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पदवीबरोबरच फ्रेंच, जर्मन किंवा रशियन शिकता येतं. ‘त्याचा उपयोग काय’ हे तिथे अर्ज भरण्यापूर्वीच विचारू नका.

आणि पालकहो, या सुट्टीत आणखी एका क्लासची फी भरण्याआधी मुलाला रोज एका बातमीवर दीडशे शब्द लिहायला सांगा. लिहिलेलं तुम्ही स्वतः वाचा, आणि वाचताना त्याला ‘स्कोप’ विचारू नका.