कोरी जागा नसते

नेरूळ, नवी मुंबई

चि. सोनूस,


तुला नोकरी लागल्याचं ताईने फोनवर सांगितलं. मामीने लगेच देवापुढे साखर ठेवली. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं काम तुमच्या ऑफिसकडे आहे आणि तुला त्याच कामावर घेतलंय, हे ऐकल्यापासून तुला लिहावंसं वाटत होतं. मागे तू आमच्या स्पेनच्या प्रवासाबद्दल विचारलं होतंस, फोटोही मागितले होतेस. फोटो मामी पाठवेलच. पण तिथल्या जुन्या शहरांनी मला जे शिकवलं ते फोटोत येत नाही, आणि तुझ्या नव्या कामाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. म्हणून हे पत्र.

मी सिव्हिल इंजिनिअर. बांधणारा माणूस प्रवासातही इमारत कशी उभी आहे तेच आधी बघतो. कॉर्डोबाच्या मोठ्या मशिदीत, जी आज कॅथेड्रल आहे, मी सर्वात जास्त वेळ खांबांच्या तळाशी घालवला. सन ७८५च्या सुमारास अमीर पहिल्या अब्द अल-रहमानने हे बांधकाम सुरू केलं. कारागिरांच्या हाती आले ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतले खांब. एक उंच, एक बुटका, एक गुळगुळीत, एकावर खोबणी कोरलेली. मग कुठे तळखडा दिला, कुठे दिलाच नाही, आणि सगळ्यांचे माथे एका पातळीत आणले. तरी छत हवं तेवढं उंच होईना. तेव्हा त्यांनी एका कमानीच्या डोक्यावर दुसरी कमान चढवली, लाल विटा आणि फिकट दगड आलटून पालटून लावून. आज जगभरचे लोक ज्या दुहेरी कमानी बघायला येतात त्या या अडचणीतून निघालेल्या आहेत. हातात आलेलं सामान जसंच्या तसं स्वीकारलं आणि त्यातूनच नवी रीत काढली. पुढे दोनशे वर्षांत तीन वेळा इमारत वाढली, आणि प्रत्येक वेळी वाढवणाऱ्याने आधीच्या कमानींचं माप सांभाळलं.

याच इमारतीच्या पोटात १५२३ मध्ये कॅथेड्रलचा उंच गाभा घालायचं काम सुरू झालं. शहराच्या कारभाऱ्यांनी कडाडून विरोध केला, तरी सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. मधले खांब गेले. उरलेले साडेआठशेच्या आसपास आहेत आणि त्यांच्यामधून चालताना तो मधला भाग एकदम अंगावर येतो. याच चार्ल्सने ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रात १५२७ मध्ये आपला राजवाडा काढला. पेद्रो माचुका या वास्तुकाराचं काम, बाहेरून चौकोन आणि आत गोल चौक. वास्तू देखणी आहे, यात वाद नाही. पण ती शतकानुशतकं छपराविना पडून राहिली आणि राजा तिथे कधी राहिलाच नाही. शेजारचे त्याआधीच्या नासरी राजांचे नाजूक महाल मात्र आजही जिवंत वाटतात, कारण ते त्या टेकडीच्या उन्हाचा, वाऱ्याचा आणि पाण्याचा विचार करून बांधले आहेत.

पाण्याचं सांगतो. दार्रो नदीचं पाणी वरच्या अंगाला अडवून, पाटाने वळवून अल्हाम्ब्रात आणलेलं आहे. त्याच्यालगतच्या हेनेरालिफे बागेत एक जिना आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ केलेली आहे आणि तिच्यातून पाणी खाली धावतं. जिना उतरताना कठड्यावर हात ठेवला की बोटांवरून गार पाणी जातं. कुठे पंप नाही, यंत्र नाही. टेकडीचा उतार, पाटाची पातळी आणि ती ठरवणाऱ्याची नजर, एवढ्यावर सगळं चालतं. मामी त्या जिन्यावरून हलायला तयार नव्हती.

आपल्याकडेही पाण्याचं असं नेमकं काम झालेलं आहे, पण आपण त्याकडे बघत नाही. वाशीचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड ठेवले. भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. तुझ्या इमारतीचं जोतं किती उंच घ्यायचं, बेसमेंट काढायचं की नाही, हे त्या तळ्याला आणि भरतीच्या वेळापत्रकाला विचारून ठरव. तळ्यात गाळ साचला की सेक्टरभर पाणी तुंबतं, हे तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचार, तो सांगेल.

आता मुख्य गोष्ट. नवी मुंबई कोऱ्या जागेवर वसवलेलं शहर आहे, असं कॉलेजात तुझ्या कानावर आलं असेल. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं. कल्पना मोठी होती, आणि ज्यांनी ती मांडली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण जागा कोरी नव्हती. ९५ गावं होती, आगरी-कोळ्यांची घरं होती, भातखाचरं, मिठागरं, मासळी सुकवायच्या जागा होत्या. शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भाग परत देणाऱ्या योजनेची वाट मोकळी झाली. नकाशावर जी जागा पांढरी दिसते तिथे कुणाचं तरी घर असतं. हे शहर ते फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. तू पुन्हा पहिल्यापासून शिकू नकोस.

स्पेनच्या जुन्या शहरांकडेही भाबडेपणाने बघू नकोस. टोलेडोत सांता मारिया ला ब्लांका नावाची वास्तू आहे. पांढरे खांब, घोड्याच्या नालासारख्या कमानी. ती बांधली ज्यूंचं प्रार्थनागृह म्हणून, पुढे तिचं चर्च झालं, आणि १४९२ मध्ये स्पेनमधल्या ज्यूंना देशच सोडावा लागला. वास्तू राहिली, माणसं गेली. म्हणून जुनं जपायचं म्हणताना भिंती आणि माणसं दोन्ही मोज. आपल्या कामात रहिवाशांची यादी ही जोत्याच्या नकाशाइतकीच महत्त्वाची आहे. त्यात भाडेकरू आहेत, खाली इस्त्रीवाला आहे, गेटपाशी भाजी विकणारी बाई आहे. नव्या टॉवरच्या नकाशात त्यांची जागा कुठे, हा प्रश्न मीटिंगमध्ये तू विचार. तू लहान आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

बार्सिलोनात मला आपलं शहर सगळ्यात जास्त आठवलं. १८५९ मध्ये इल्देफोन्स सेर्दा या इंजिनिअरने जुन्या तटबंदीबाहेरचं शहर आखलं. सुमारे ११३ मीटरचे चौकोनी ठोकळे, २० मीटर रुंद रस्ते, चौकात वळायला आणि उजेडाला जागा मिळावी म्हणून कापलेले कोपरे. पण आखण्याआधी त्याने काय केलं ते ध्यानात ठेव. त्याने सगळ्या परिसराची मोजणी केली, आणि कामगारांची घरं, त्यांची मजुरी, त्यांच्या वाट्याला येणारी हवा यांचा आकडेवारीनिशी अभ्यास केला. त्याला प्रत्येक ठोकळ्याच्या दोनच बाजूंना घरं हवी होती, बाकी बाग. मालकांनी चारही बाजू बांधल्या, मधलं अंगणही भरलं. आता तिथली नगरपालिका त्यातली काही अंगणं पुन्हा मोकळी करून लोकांसाठी उघडते आहे. मोकळी जागा एकदा गेली की परत मिळवायला शंभर वर्षं लागतात.

असं अंगण बघायला तुला स्पेनला जायची गरज नाही. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज कोरियांनी १९८० च्या दशकात केलं. सात घरं आणि मध्ये सुमारे आठ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांना थोडा मोठा चौक. घरांना सामाईक भिंत ठेवली नाही, कारण कुटुंब वाढलं की घर वाढणार हे त्यांनी धरूनच आखलं होतं. लोकांनी घरं वाढवली, काहींनी कौलं काढून मजले चढवले. तुझ्यातल्या विद्यार्थिनीला ते बघून वाईट वाटेल. पण नीट बघ, बरेच चौक टिकून आहेत आणि वापरात आहेत. मूळ आराखड्यातलं काय टिकलं आणि काय बदललं, याची तिथे बसून टिपणं काढ. पुनर्विकासाचं त्याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

आणि एकदा वसईला जा. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, आणि १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता. ज्या दुसऱ्या फिलिपने माद्रिदजवळ एस्कोरियालचा प्रचंड प्रासाद बांधला, तोच वसईचाही राजा होता. १७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी तिथला किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. आज त्या तटाच्या आत पडक्या चर्चच्या दर्शनी भिंती आहेत, नागेश्वराचं देऊळ आहे, चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. एका आवारात इतके थर आहेत. कुठला दगड कुणी लावला आणि का, हे वाचायची सवय तिथे लागेल.

वाशीतल्या त्या इमारती पाडू नका, असं मी म्हणत नाही. स्लॅब गळतात, प्लास्टर पडतं, लोक जीव मुठीत धरून राहतात. त्यांना मजबूत आणि मोठं घर मिळायलाच हवं, आणि एफएसआयचं, म्हणजे किती बांधता येईल याचं, गणितही जुळायला हवं. माझं सांगणं एवढंच की कॉम्प्युटरवर पहिली रेघ मारण्याआधी जागेवर जा. टेप आणि वही घेऊन जा. सकाळी जा, भर दुपारी जा, दिवेलागणीला जा. सावली कुठे पडते, वाळवणं कुठे घालतात, म्हातारी माणसं कुठल्या कट्ट्यावर बसतात, गणपतीचा मांडव कुठे पडतो, मुलं कुठे खेळतात, जुलैत पाणी कुठे साचतं, झाडं कुठली आणि त्यांचा घेर किती, हे सगळं मोजून कागदावर उतरव. त्या कागदाला तुझ्या ड्रॉइंगच्या संचात पहिला नंबर दे. साहेब विचारतील, याची काय गरज. तेव्हा कॉर्डोबाच्या खांबांचं आणि सेर्दाच्या मोजणीचं सांग. एखादा कट्टा, एखादं वडाचं झाड, सकाळच्या उन्हाची एखादी जागा नव्या नकाशात जरी वाचली, तरी तिथे परत राहायला येणाऱ्या माणसाला आपण आपल्याच घरी आलो असं वाटेल. आपल्या धंद्याचं खरं यश मी त्यात मानतो.

पहिला पगार झाला की चांगल्या प्रतीचा लेझर मीटर घे, पैसे कमी पडले तर मी घालतो. आणि येत्या रविवारी सकाळी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये ये. पहिल्या चौकाची मापं आपण मिळून घेऊ, पुढचे चौक तू एकटीने घे.

ताई आणि भाऊजींना नमस्कार. मामीचे तुला आशीर्वाद.

तुझा,
मामा