घाबरण्याचा झटका : लक्षणे ओळखू या



"इसीजी नॉर्मल आहे, काही झालेले नाही," असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. रुग्ण मात्र गोंधळतो. काहीच झाले नाही, तर मघाशी मरणाची भीती का वाटली? अशा वेळी तो पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र घाबरण्याचा झटका असू शकतो. हे नाटक नव्हे. शरीराला खरोखरच त्रास होत असतो.

लक्षणे कोणती?
● छातीत धडधड, दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे
● श्वास अपुरा पडणे, घसा दाटणे
● दरदरून घाम, थरथर, चक्कर, मळमळ
● हातापायांना मुंग्या
● 'आता मी मरणार' किंवा 'मला वेड लागणार' अशी भीती

यातील अनेक लक्षणे अचानक एकत्र येतात आणि साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतात. धोका दिसला की पळण्यासाठी शरीर अॅड्रेनलिन सोडते. इथे धोका नसतानाच ती घंटा वाजते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात.

सततची चिंता याहून वेगळी. तिचा झटका येत नाही. झोप न लागणे, मान-खांदे आखडणे, चिडचिड, लक्ष न लागणे असे महिनोन्महिने चालते.

मात्र एक खबरदारी घ्या. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर घरी तर्क करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा तातडीने रुग्णालय गाठा. थायरॉइडच्या विकारात किंवा साखर कमी झाल्यावरही अशी लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी हवीच.

झटका आलेल्या माणसाजवळ शांतपणे बसा. सावकाश श्वास सोडायला सांगा. "हे थोड्या वेळात ओसरेल, मी इथेच आहे," एवढे पुरे. भोवती गर्दी करू नका.

झटके पुन्हा पुन्हा येत असतील, त्यांच्या धास्तीने कोणी लोकलने जाणे किंवा बाजारहाट टाळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. समुपदेशन आणि औषधे यांनी बहुतेकांना चांगला गुण येतो. औषधांना काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

"तुझी श्रद्धा कमी पडते," असे मात्र कोणालाही म्हणू नका. मधुमेह झालेल्याला आपण तसे म्हणत नाही. प्रार्थना जरूर करू या, पण उपचार थांबवून नव्हे. मिस्सेला कोणी नेहमी दाराजवळच्या बाकावर बसत असेल, मध्येच उठून बाहेर जात असेल, तर नावे ठेवण्याआधी विचारपूस करू या. कदाचित कोणीतरी विचारावे, याचीच तो वाट पाहत असेल.