हवाई तळाची खरेदी आणि आपला बचत गट

मैत्रिणींनो, घाटात धबधब्यापाशी कणीस भाजून विकलं की पैसे तिथल्या तिथे हातात. सरकारी खरेदीत तसं नसतं आणि लष्करी तळावर तर नाहीच नाही.

आपल्याला जवळचा तळ गोव्यातला, आयएनएस हंसा. दाबोळीला प्रवासी विमानं उतरतात ती धावपट्टी नौदलाच्या याच तळाची. लढाऊ विमानांची खरेदी दिल्लीत ठरते. पण तळावर माणसं राहतात. त्यांना जेवणखाण, साफसफाई, चादरी-पडदे सगळं लागतं. या रोजच्या खरेदीचे नियम वेगळे.

अगदी किरकोळ रक्कम सोडली, तर माल आवडला म्हणून साहेब तो थेट घेऊ शकत नाहीत. काय हवं, किती, कोणत्या दर्जाचं, हे आधी लिहून काढतात. मग पैशांची मंजुरी. मग 'जेम' या सरकारी पोर्टलवर बोली. अटींत बसणाऱ्यांमधला सर्वांत कमी दर म्हणजे 'एल-१'. माल पोचल्यावर तपासणी होते, पास झाला तरच बिल पुढे सरकतं.

यात आपल्याला जागा आहे काय? आहे. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यातला ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती फुकट होते, कुणा एजंटला पैसे देऊ नका. स्वतः माल बनवणाऱ्यांना बयाणा रक्कमही माफ असते. बाजारातून आणून पुढे विकणाऱ्यांना नाही.

आता हिशेब बघा. समजा चादरीला मोठ्या कंपनीचा दर १०० रुपये आणि आपला ११२. फरक १५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणून १०० वर यायची तयारी असेल तर ऑर्डरचा काही भाग आपल्याला मिळू शकतो. पण आपला खर्चच १०५ असेल तर? इथंच बाया फसतात. ऑर्डरच्या आनंदात शिलाईची मजुरी, दोरा, दाबोळीपर्यंतचं गाडीभाडं मोजायचं राहून जातं.

दुसरी गोष्ट पैशांची. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे; उशीर झाला तर व्याज मागता येतं. तरी तोवर कापडाचे पैसे कुठून आणायचे? गटाच्या बचतीतून काढले तर त्या दीड महिन्यात कुणाच्या आजारपणाला कर्ज देता येणार नाही. माझ्या मते पहिली बोली एकट्या गटाने लावूच नये, ग्रामसंघात बोलून लावावी.

पुढच्या बैठकीला येताना एका चादरीचा खरा खर्च कागदावर मांडून आणा. स्वतःची मजुरी धरून.